पतीचे वय ५६, पत्नीचे ४९: आयव्हीएफ उपचार कायद्याने मिळू शकतात का?

ताई, सातारा जिल्ह्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. दीड वर्षापूर्वी आपला एकुलता एक मुलगा अपघातात गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपले वय ४९ वर्षे ४ महिने आहे, पाळी बंद होऊन वर्ष झाले आहे, आणि दात्या स्त्रीचे बीज घेऊन आयव्हीएफ उपचाराने (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या पद्धतीने) पुन्हा आई व्हावे अशी आपली इच्छा आहे. आपले यजमान ५६ वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या वयावर बोट ठेवून उपचार केंद्राने नकार दिला, आणि एका मध्यस्थाने पैसे घेऊन त्यांच्या आधारकार्डावरील जन्मतारीख बदलून देण्याची तयारी दाखवली. घरातले लोक म्हणतात की या वयात मूल आणणे हा त्या मुलावरच अन्याय आहे. यातले कायद्याने काय शक्य आहे, असे आपण विचारले आहे.

मध्यस्थाचा मार्ग आजच बंद करा. बदललेली जन्मतारीख दाखवून उपचार घेणे ही फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा वापर आहे. यजमानांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि सेवापुस्तकात खरी तारीख नोंदलेली असल्याने हा बनाव टिकणार नाही, शिवाय त्यांची नोकरीही धोक्यात येईल. आधारकार्ड हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मला याहून मोठी काळजी वाटते ती अशी, की वयाबाबत अंधारात ठेवलेला डॉक्टर तपासण्या चुकीच्या गृहीतकावर ठरवू लागतो.

आता मूळ प्रश्न. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार ही सेवा २१ वर्षांहून अधिक आणि ५० वर्षांहून कमी वयाच्या स्त्रीला, तसेच २१ वर्षांहून अधिक आणि ५५ वर्षांहून कमी वयाच्या पुरुषाला देता येते. आपण मर्यादेत आहात, यजमान नाहीत. मात्र दोघांच्या वयाच्या अटी कायद्याने वेगवेगळ्या सांगितल्या आहेत आणि 'स्त्री' हा सेवा घेणारा स्वतंत्र घटकही मानला आहे. याच आधारावर कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असे ठरवले की पतीने वयोमर्यादा ओलांडली एवढ्याच कारणाने मर्यादेत असलेल्या पत्नीला उपचार नाकारता येणार नाहीत. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी त्याचा आधार घेऊन युक्तिवाद करता येतो. केंद्राकडून नकार लेखी मागून घ्या आणि रिट याचिका (हक्क मिळवण्यासाठी थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज) दाखल करा. ऑगस्ट २०२५ पासून सातारा जिल्ह्याची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जात असल्याने आपल्याला मुंबई गाठावी लागणार नाही. वेळ मात्र थोडा आहे. गर्भ गर्भाशयात सोडणे हाही उपचाराचाच भाग असल्याने तो पन्नासाव्या वाढदिवसाआधी पूर्ण व्हायला हवा, आणि त्याला आठच महिने उरले आहेत.

या मार्गाची एक अट आपण दोघांनी शांतपणे समजून घ्यावी. यजमानांचे शुक्राणू वापरले, तर ते स्वतःच सेवा घेणारे ठरतात आणि ५५ ची मर्यादा पुन्हा आड येते, असे माझे मत आहे. म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही दात्यांचे असतील, आणि बाळाचे आपल्या दोघांशीही रक्ताचे नाते नसेल. गेलेल्या मुलाची चेहरेपट्टी त्यात शोधण्याची आशा मनात असेल, तर ती आधी बोलून घ्या, कारण ते ओझे बाळाच्या डोक्यावर पडू नये. कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अशा उपचारातून जन्मलेले मूल जोडप्याचे जैविक अपत्यच मानले जाते आणि दात्याचा त्याच्यावर हक्क राहत नाही. आपण अर्ज जोडपे म्हणून नव्हे, तर एकट्या स्त्री म्हणून करणार असल्याने यजमानांचे पितृत्व आणि लेखी संमती न्यायालयाच्या आदेशातच नोंदवून घ्या, म्हणजे पुढे वारसाहक्कावरून कोणी भाऊबंद शंका काढणार नाही.

प्रकृतीच्या बाबतीत दात्याचे बीज फक्त बीजाच्या वयाशी जोडलेला धोका कमी करते. डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयावर ठरते, आणि कायद्याने ती २३ ते ३५ वर्षांचीच असू शकते. गर्भारपण मात्र आपलेच शरीर सोसणार आहे. रक्तदाब वाढून झटके येण्यापर्यंत मजल जाणे, गर्भकालीन मधुमेह, वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, सिझेरियन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे सारे या वयात वाढते, आणि रक्तदाबाचा धोका तर दात्याच्या बीजामुळे आणखी वाढतो. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये ७४ वर्षांच्या स्त्रीला जुळ्या मुली झाल्याचा दाखला आपण दिला आहे. ती घटना हा कायदा येण्यापूर्वीची आहे, आणि जुळ्यांमुळे यातील बहुतेक धोके आणखी वाढतात, म्हणून एकच गर्भ सोडण्याचा आग्रह धरा. यशाची शक्यता, खर्च आणि धोके समजावून सांगणे हे केंद्राचे कायदेशीर कर्तव्य आहे. हृदयतज्ज्ञांचा अहवाल आल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका. सही केल्यानंतरही गर्भ सोडण्यापूर्वी संमती मागे घेता येते.

घरच्यांच्या आक्षेपाला कायद्यात स्थान नाही, पण त्यातला प्रश्न खरा आहे. मूल दहावीला बसेल तेव्हा आपण पासष्टीच्या आसपास आणि यजमान सत्तरीच्या पुढे असतील. यजमान ५८ व्या वर्षी निवृत्त होतील तेव्हा ते मूल रांगत असेल. मी याला अन्याय म्हणणार नाही, कारण उशिरा लाभलेली मुलेही मायेत वाढतात. तरीही मृत्युपत्राद्वारे पालक नेमण्याचे काम गर्भ सोडण्यापूर्वीच उरका. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ९ नुसार ते करता येते. पालक म्हणून चाळिशीच्या आतली, मनापासून तयार असलेली व्यक्ती निवडा.

सरोगसीचा मार्ग यजमानांच्या वयामुळे बंद आहे. दत्तकाचा मार्ग मात्र खुला आहे, आणि आपण त्याचा पत्रात उल्लेखही केला नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. २०२२ च्या दत्तक विनियमांप्रमाणे आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी पतिपत्नीच्या वयांची बेरीज ११० पर्यंत चालते. आपली बेरीज १०५ आहे आणि ती दरवर्षी दोनने वाढते. नात्यातील मुलाला हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार नोंदणीकृत दत्तकपत्राने घेता येते. ते मूल पंधरा वर्षांच्या आतले असावे आणि त्याच्या आईवडिलांची संमती हवी.

याचिकेसाठी दोघांचे जन्मतारखेचे पुरावे, विवाहनोंदणी, मुलाचा मृत्युदाखला, पाळी बंद झाल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि केंद्राचा लेखी नकार लागेल. केंद्र लेखी देत नसेल, तर नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवून त्याची पोच जपून ठेवा आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तरी त्या पोचेवर वकिलांना भेटा.