जावई म्हणतात फिनलंड भारी!

प्रश्न: ताई, आमचे जावई म्हणतात फिनलंडच्या शाळा जगात नंबर वन, म्हणून तिथले लोक सगळ्यात सुखी. खरंय का हो?

उत्तर: जावयांना दुखवायचं नाही, पण दोन गोष्टींची खिचडी झालीय. सुखाच्या यादीत फिनलंड 2018 ते 2025 सलग पहिला, पण ती यादी लोकांनाच विचारून बनते, 0 ते 10 ची शिडी समजा आणि सांगा तुम्ही कुठल्या पायरीवर, बस एवढंच, शाळेचं नावच नाही त्यात. आणि देशोदेशीच्या 15 वर्षांच्या पोरांच्या पिसा परीक्षेत 2006 ला गणितात 548 गुण असलेला फिनलंड 2022 ला 484 गुणांवर आलाय, पहिलं सिंगापूर. पण 1948 पासून शाळेत सगळ्यांना फुकट जेवण, हे मात्र जाम आवडतं मला.