आयनिक लिक्विडमध्ये (नुसत्या आयनांचं बनलेलं द्रव मीठ) ॲसिटोनायट्राइल हा सॉल्व्हंट घातला की आयन कमी होतात; मग कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) वाढतो कसा?

वाढत नाही. निदान तुम्ही मेलमध्ये सांगताय त्या ग्राफवरून तरी तसं म्हणता येत नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बनचे इलेक्ट्रोड, सगळे सीव्ही (व्होल्टेज ठरावीक वेगाने खालीवर नेत करंट मोजलेले ग्राफ) १०० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला, आणि सर म्हणतात ‘सॉल्व्हंटने कपॅसिटन्स वाढवला’. हे वाचलं आणि राहवेना.

पीएचडीला असताना आमच्याकडे हेच झालं. शुद्ध बीएमआयएम-बीएफ४ हे आयनिक लिक्विड पाण्याच्या साधारण शंभरपट चिकट, तर ॲसिटोनायट्राइल पाण्याहूनही पातळ. मिसळल्यावर तिरका पडलेला सीव्ही छान चौकोनी झाला, ज्यावरून कपॅसिटन्स काढतात ते क्षेत्रफळ वाढलं, गाइड खूश. मी तेच सेल २ मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला रात्रभर चालवले, तर फरक जवळपास गायब. शुद्ध द्रवात आयनांना कार्बनच्या छिद्रांत आतपर्यंत पोचायला वेळच मिळत नव्हता, एवढंच. ग्रुप मीटिंगमध्ये ग्राफ लावला तर उत्तर आलं, “इतकं हळू कोण चार्ज करतं?” बरोबर आहे, पण मग त्याला पॉवर म्हणा, कपॅसिटन्स कशाला म्हणता? पेपर गेलाच. माझा ग्राफ सप्लिमेंटरीतही नाही, नाव मात्र तिसरं आहे. त्यामुळे अजून कुणी शंका विचारली की मेल माझ्याकडेच येतो.

आता तुमचा प्रश्न. आयन कमी झाले ते बल्कमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडपासून दूरच्या द्रवात. इलेक्ट्रोडवर जेवढा चार्ज आहे तेवढाच उलटा चार्ज द्रवाला समोर आणावाच लागतो; पातळ केलं म्हणून यात सूट नाही. शुद्ध आयनिक लिक्विडमध्ये पहिला थर गरजेपेक्षा जास्त विरुद्ध आयन ओढतो, मग ते फेडायला उलट्या चार्जचा दुसरा थर, असे काही थर आलटून-पालटून लागतात. बाझंट, स्टोरी आणि कॉर्निशेव्ह या संशोधकांनी २०११ मध्ये हे ओव्हरस्क्रीनिंग आणि जास्त व्होल्टेजला होणारी आयनांची गर्दी एकाच सिद्धांतात बसवली. सॉल्व्हंट आयनांच्या मध्ये घुसला की हे बाहेरचे थर विरघळत जातात. पण कपॅसिटन्स मुख्यतः पहिल्या थराच्या जाडीवर ठरतो आणि तो फारसा हलत नाही. म्हणून थोड्याफार मिश्रणाने आकडा ना धाडकन पडतो, ना उडी मारतो.

बदलतो तो व्होल्टेजप्रमाणे कपॅसिटन्सच्या ग्राफचा आकार. कॉर्निशेव्ह यांच्या २००७ च्या सिद्धांतानुसार आयन दाटीवाटीने असतील तर शून्य चार्जच्या बिंदूपाशी (ज्या व्होल्टेजला इलेक्ट्रोडवर चार्जच नसतो) एकच उंचवटा, आणि पातळ केल्यावर तिथे खळगा पडून दोन बाजूंना दोन उंचवटे. त्यामुळे एकच आकडा सांगून ‘वाढला’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या व्होल्टेजला?

हे सगळं सपाट इलेक्ट्रोडला जास्त लागू, हे सांगायला हवं. एक नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत गणित वेगळं असतं. तिथे आयन सॉल्व्हंटचं कवच काही अंशी टाकून आत शिरतात. २००६ मध्ये ॲसिटोनायट्राइलमधल्या मिठावर हेच दिसलं आणि छिद्रं लहान होत गेली तसा कपॅसिटन्स चक्क वाढला. तेव्हा तुमच्या कार्बनची छिद्रं किती मोठी आहेत ते पाहिल्याशिवाय सरांशी भांडू नका. मी पाहून भांडलो होतो.

किती टक्के घालावं, हेही विचारलंय. वेगवेगळ्या प्रमाणांत कंडक्टिव्हिटी मोजा; ती आधी वाढते, मग आयनच कमी पडून उतरते. त्या शिखराच्या आसपास काम करा. सॉल्व्हंट कोरडा करून घ्या, कार्ल फिशर (द्रवात पाणी किती ते मोजायची चाचणी) न करता सेल भरू नका. पाणी चार्ज झालेल्या इलेक्ट्रोडपाशीच जाऊन साठतं आणि तिथे तुटतं. मग तीन व्होल्टपर्यंत चार्ज करणं विसरा. आणि २ मिलिव्होल्टचा सीव्ही घ्याच, कुणी मागितला नाही तरी.