आजीचा खुबा आणि लेकीची शाखा

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. आईंच्या खुब्याचा सांधा बदलला. नव्या सांध्याचा मांडीच्या हाडात जाणारा धातूचा दांडा सिमेंटशिवाय बसवलाय, त्यावर लेप आहे, हाड त्याला धरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि तेव्हापासून बारावीतली लेक ‘मला हाच लेप बनवायचाय’ म्हणून बसलीय. पाहुणे म्हणतात बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, क्लासवाले म्हणतात बायोमेडिकल इंजिनीअरिंग. तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर. ‘यातलं आम्हाला काय कळणार’ असं लिहिलंत, म्हणून तिथूनच सुरू करतो.

तुम्हाला बरंच कळतं. तुम्ही कास्टिंग शॉट ब्लास्टिंगला लावता, म्हणजे ओतलेल्या भागावर बारीक गोळ्यांचा मारा करता, तसेच दाताच्या टायटॅनियम इम्प्लांटवर, म्हणजे जबड्यात बसवायच्या कृत्रिम मुळावर, अ‍ॅल्युमिनाचे कण मारतात आणि मग तो आम्लात बुडवतात. फरक इतकाच, की तुम्हाला चिकटलेली वाळू काढायची असते, तिथे पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करायचा असतो. गुळगुळीत धातूपेक्षा अशा पृष्ठभागाला हाड लवकर धरतं. पूर्वी इम्प्लांटवर दात चढवायला तीन ते सहा महिने थांबावं लागे. या पृष्ठभागामुळे ते बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांवर आलं.

आईंच्या दांड्यावर बहुधा हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट असेल. हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, आपल्या हाडातल्या खनिजाचं सख्खं भावंड. त्याची पूड दहा हजार अंशांहून तप्त प्लाझ्मातून, म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूच्या झोतातून, धातूवर फवारतात. खरी कसोटी इथे आहे. वितळलेली पूड झटकन गार झाली की तिचे नीट स्फटिक बनत नाहीत, आणि तो भाग शरीरात लवकर विरघळतो. लेप फार जाड झाला तर सुटून येतो. म्हणून तो ओढून तपासतात: आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १५ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दीडशे किलोची ओढ त्याने सोसायला हवी. ताप, गारवा, स्फटिक, पकड हा सगळा धातुशास्त्राचा विषय आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: पदवी मेटलर्जी (धातुशास्त्र) आणि मटेरियल्सची घ्यावी. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी मुंबई, तिन्हीकडे ही शाखा आहे. एमएचटी-सीईटी आणि जेईई दोन्ही द्यायला लावा. पुढे गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन बायोमेडिकलमध्ये एमटेक करता येईल. इम्प्लांटच्या संशोधनासाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्थाही आहे. आधीच बायोमेडिकल घेतलं तर काही कॉलेजांत बराचसा अभ्यास उपकरणं आणि इलेक्ट्रॉनिक्सचा निघतो, आणि मुलं हिरमुसतात. हे मी अनेकदा पाहिलंय.

बीडीएस वाईट नाही, पण तिथे इम्प्लांट बसवायला शिकवतात, बनवायला नाही. तिला पेशंटशी बोलायला आवडत असेल तर जरूर विचार करा. हे तिलाच विचारा.

जीवशास्त्र मात्र तिने सोडू नये. टायटॅनियमला हाड धरतं हे धातुवाल्यांना नव्हे, स्वीडनच्या ब्रोनेमार्क या डॉक्टरांना दिसलं. १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहायला बसवलेली टायटॅनियमची नळी त्यांना परत काढता येईना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले.

नोकऱ्यांबद्दल खरं सांगतो: हे क्षेत्र लहान आहे, बरेच इम्प्लांट आजही आयात होतात. सुरुवात बहुतेकदा क्वालिटी किंवा प्रोसेस विभागात होते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांमुळे तपासणी आणि कागदपत्रं काटेकोर लागतात, त्यामुळे नीट चाचणी करणाऱ्या माणसाला काम मिळतं. आणि समजा इम्प्लांटमध्ये जमलं नाही, तरी मेटलर्जीच्या पदवीला तुमच्या शिरोलीतच कारखाने आहेत.

या रविवारी एक करा. लोखंडाचे दोन तुकडे घरी आणा. एकाला तेलाचं बोट फिरवा, दुसरा साबणाने स्वच्छ धुऊन वाळवा, आणि लेकीला दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकायला सांगा. एकावर थेंब गोल बसेल, दुसऱ्यावर पसरेल. स्वच्छ टायटॅनियमवरही रक्त असंच पसरायला हवं. पण हवेतल्या कर्बयुक्त मळाने तो पृष्ठभाग पाणी झिडकारू लागतो, म्हणून काही इम्प्लांट मिठाच्या पाण्यात बुडवूनच विकतात. थेंब पाहून ती काय काय विचारते ते लिहून मला पाठवा. तिच्या प्रश्नांची उत्तरं मी तिलाच लिहीन.