सिकलसेल असलेल्या मुलीने नीटचा तिसरा प्रयत्न करावा का?

पत्र: “मी भंडारा जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. माझी मुलगी 19 वर्षांची असून तिचा सिकलसेलचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे तिला प्रत्यक्ष आजार आहे. आम्ही पती-पत्नी दोघेही एएस, म्हणजे वाहक आहोत. नीटचे दोन प्रयत्न झाले. दुसऱ्या वेळी गुण वाढले, पण शासकीय महाविद्यालय मिळण्याइतके नाहीत. सध्या ती नागपूरला वसतिगृहात राहून तिसऱ्या प्रयत्नाची तयारी करते. अडचण अशी की ऐन चाचणीच्या आदल्या दिवशीच तिचे हातपाय आणि कंबर दुखू लागते, हे आता आमच्या लक्षात आले आहे. वर्गातून ती सारखी लघवीला जाते, अशी शिकवणीवाल्यांची तक्रार आहे. हिमोग्लोबिन 8 च्या वर जात नाही. लोहाचे टॉनिक चालू आहे. ते 12 झाले की ती इतरांच्या बरोबरीने बसेल, असे वाटते. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या तिने मध्येच सोडल्या, कारण वसतिगृहात आजार कोणाला कळू नये अशी आमचीच सूचना होती. रात्री मोबाइलवर तांबड्या पेशींविषयी वाचत बसते, त्यात वेळ जातो. तिसरा प्रयत्न करावा की बीएएमएस घ्यावे, याविषयी मार्गदर्शन करावे.”

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील गुणांविषयीच्या मजकुराने मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘हे आता आमच्या लक्षात आले आहे’ या शब्दांनी, कारण त्यांचा अर्थ मुलगी चाचणी टाळण्यासाठी दुखण्याचे निमित्त पुढे करते असाच होतो, आणि तिला तो नक्कीच समजलेला आहे. वडील आपल्या दुखण्यावर विश्वास ठेवत नाहीत हे एकदा कळले, की मूल दुखणे सांगणे थांबवते. सिकलसेलच्या रुग्णाने दुखणे लपवणे जिवावर बेतू शकते, म्हणून आपण विचारलेल्या प्रश्नाकडे मी नंतर येईन.

आपल्या मुलीच्या हिमोग्लोबिनमध्ये जो बदल आहे तो अगदी लहान आहे: हिमोग्लोबिन ज्या प्रथिन-साखळ्यांनी बनते, त्यांपैकी बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलेले आहे. एवढ्या फरकाने असे होते, की ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात आणि तांबडी पेशी वाकडी व कडक होते. मात्र ऑक्सिजन सुटताक्षणीच हे तंतू तयार होत नाहीत. मध्ये थोडा अवधी जातो. रक्त नीट वाहत असेल तर बहुतेक पेशी त्या अवधीतच केशवाहिन्यांतून निसटून फुफ्फुसांकडे परततात, आणि ऑक्सिजन मिळाल्यावर रेणू पुन्हा सुटे होतात. प्रवाह मंदावला तर पेशी अरुंद वाहिनीतच कडक होते, मागून येणाऱ्या पेशींची वाट अडवते आणि त्या पलीकडच्या हाडा-स्नायूंना रक्त मिळेनासे होते. आपली मुलगी ज्याला दुखणे म्हणते ते हेच. आता चाचणीच्या आदल्या दिवसाचा विचार करावा. मानसिक ताणाने त्वचेतील आणि हातापायांतील लहान रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हे निरोगी माणसांत होते तसेच सिकलसेलच्या रुग्णांतही होते, आणि प्रयोगशाळेत ताण देऊन ते मोजलेले आहे. निरोगी माणसाला त्याने फार तर हात गार पडल्याचे जाणवते. आपल्या मुलीच्या पेशींना जो अवधी निसटून जाण्यासाठी हवा असतो, तोच त्याने हातचा जातो. त्यात जागरण, पहाटेची थंडी आणि दिवसभर कमी प्यालेले पाणी यांची भर पडली, तर दुखणे चाचणीच्या आदल्या दिवशीच येणे हे तिच्या आजाराच्या स्वभावाला धरूनच आहे. ज्याला आपण तिच्याविरुद्धचा पुरावा मानलेत, तो खरे तर तिच्या बाजूचा पुरावा आहे.

पाण्याचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला लहान वयातच इजा पोहोचते आणि लघवी दाट करून शरीरातील पाणी राखण्याची त्याची क्षमता कमी होते. त्यामुळे अशा रुग्णाला लघवी जास्त होते, आणि तेवढे पाणी त्याला पुन्हा प्यावे लागते. वर्गातून उठल्याबद्दल बोलणी बसू लागली, की मुली साधा उपाय करतात: पाणीच पीत नाहीत. इकडे पेशीच्या आवरणाचे हाल आधीच झालेले असतात. वारंवार वाकून सरळ होताना त्यातून कॅल्शियम आत शिरते, पोटॅशियम बाहेर जाते आणि त्याच्यापाठोपाठ पाणीही जाते. पेशी सुकते, आतले हिमोग्लोबिन दाट होते, आणि ते किंचित दाट झाले तरी मघाशी सांगितलेला अवधी कित्येक पटींनी घटतो. म्हणजे शिकवणीवाल्यांची ती तक्रार ऐकून आपण मुलीला समज दिली असेल, तर नकळत आपण तिचे दुखणे वाढवले आहे. वर्गात कधीही पाणी पिण्याची आणि कधीही बाहेर जाण्याची मोकळीक तिला मिळालीच पाहिजे, आणि ती वडिलांनी लेखी मागितली पाहिजे.

आता हिमोग्लोबिनविषयीचा गैरसमज. तो आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, घरोघरी आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, आणि लोह दिले की रक्त वाढते, हे समीकरण आपल्या मुलीला लागू होत नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलची पेशी साधारणपणे 10 ते 20 दिवसांत फुटते. अस्थिमज्जा दिवसरात्र राबून ही तूट भरून काढत असते, पूर्ण तयार न झालेल्या कोवळ्या पेशीसुद्धा रक्तात सोडते, आणि तरीही आकडा 8 च्या आसपास राहतो. फुटलेल्या पेशींतील लोह मात्र शरीरातच राहते. त्यामुळे फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी, तपासणी करून कमतरता सिद्ध झालेली नसेल, तर वरून दिलेले लोह उपयोगाचे नाही, आणि साठत गेले तर अपायकारक आहे. मज्जेला या घाईच्या कामासाठी लागते ते फोलिक आम्ल. दुसरी गोष्ट म्हणजे सिकल हिमोग्लोबिन ऊतींना ऑक्सिजन सहज सोडून देते, त्यामुळे 8 वर असलेला रुग्ण आपल्याला वाटतो तितका हतबल नसतो. उलट रक्त देऊन आकडा 11 च्या वर नेला, तर रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबण्याचा धोका वाढतो, म्हणून रक्तविकारतज्ज्ञ ते टाळतात. 12 या आकड्याची वाट पाहणे आपण सोडून द्यावे. आपल्या मुलीची बरोबरी त्या आकड्यावर अवलंबून नाही.

तिची बरोबरी अवलंबून आहे ती पुष्कळशी त्या गोळ्यांवर, ज्या आपल्या सूचनेमुळे बंद पडल्या. हायड्रॉक्सियुरियाने गर्भावस्थेतील, म्हणजे बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असते त्या प्रकारच्या, हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. ते हिमोग्लोबिन तंतूंमध्ये सामील होत नाही, त्यामुळे तंतू जुळण्यात अडथळा येतो आणि दुखण्याचे झटके कमी होतात. भारतीय रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य असतो, अशी समजूत बरीच वर्षे होती. नागपुरातील डॉक्टरांच्या निरीक्षणांनी ती विदर्भातील अनेक रुग्णांपुरती तरी खोटी ठरवली आहे. गोळी पुन्हा सुरू करणे, तिची मात्रा ठरवणे आणि त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासणे हे तज्ज्ञाचे काम आहे, त्यात मी शिरत नाही. मात्र लपवाछपवीबद्दल मी स्पष्ट बोलेन. आजार कळला तर पुढे लग्नाला अडचण येईल, ही भीती आपण पत्रात लिहिलेली नाही, पण ती ओळींमागे दिसते. या भीतीपायी मुलीचे औषध थांबले, आणि तिच्या खोलीतील मैत्रिणीला रात्री काय झाले तर काय करायचे हे माहीत नाही. वॉर्डनला, वर्गाच्या प्रमुखाला आणि निदान एका मैत्रिणीला हे सांगितलेले असलेच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. तपासणीत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास शासकीय उच्च शिक्षणातील आरक्षणाचा दावा करता येतो. तो दावा करण्यासाठीसुद्धा आजार कागदावर यावा लागतो.

सिकलसेलचा जो रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात सर्वप्रथम नोंदवला गेला, तो विद्यार्थीच होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल 1904 मध्ये ग्रेनाडाहून शिकागोला दंतवैद्यक शिकण्यासाठी आला आणि काही महिन्यांतच आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. मधल्या काळात नोएल वारंवार आजारी पडत होता, तरी 1907 मध्ये पदवी घेऊन तो मायदेशी परतला आणि दंतवैद्य म्हणून काम करू लागला. 1916 मध्ये, ऐन तारुण्यात, छातीच्या आजाराने तो गेला. त्या वेळी या आजारावर एकही औषध नव्हते. आपल्या मुलीसाठी औषध आहे, लसी आहेत, नागपुरात तज्ज्ञ आहेत. तिने शिकू नये किंवा डॉक्टर होऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. आजाराकडे डोळेझाक करून आखलेल्या वेळापत्रकाला माझा विरोध आहे.

या वेळापत्रकावर तिसरा प्रयत्न करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. बीएएमएसविषयीही तितकेच स्पष्ट सांगतो: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, रात्रपाळ्या असलेला अभ्यासक्रम केवळ ‘डॉक्टर’ ही उपाधी हाती यावी म्हणून घेऊ नये. आपण दोन पर्याय मांडलेत, आणि त्यांपैकी एकही तिने सुचवलेला नाही. तिला काय हवे आहे याचा एकच धागा पत्रात सापडतो, आणि तो आपण तक्रार म्हणून नोंदवला आहे: ती रात्री तांबड्या पेशींविषयी वाचते. रात्री वाचू नये, हे खरे. झोप तिच्यासाठी औषधासारखीच आहे. पण दिवसभर भौतिकशास्त्राची गणिते सोडवून थकलेली मुलगी ज्या विषयाकडे आपणहून वळते, त्याची दखल शिक्षकाने तरी घ्यायला हवी होती.

हा विषय खोल आहे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, मायटोकॉन्ड्रिया नसतात, नवे प्रथिन बनवण्याची सोय नसते. मज्जेतून निघताना जेवढी सामग्री बरोबर घेतली, तेवढ्यावरच तिला ऑक्सिडीकरणाचा मारा सोसावा लागतो. जी6पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाच्या पेशी एरवी ठीक असतात आणि मलेरियावरचे प्रायमाक्विन घेतल्यावर फुटू लागतात, कारण या माऱ्यापासून पेशीला वाचवणारे ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम करण्याची त्यांची ताकद तोकडी पडते. बीटा थॅलेसेमियात बीटा साखळ्या कमी पडतात, आणि जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साचून पेशी मज्जेतच मरतात. मज्जा आणखी पेशी बनवण्याची धडपड करते आणि त्या धडपडीत आतड्यांतून लोह अधिक शोषले जाते. ताणाला पेशी काय उत्तर देते, आणि ते उत्तर कधी तिला वाचवते व कधी तिच्यावरच उलटते, यावर जगभर काम चालू आहे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या जनुक-संपादनाच्या उपचाराला 2023 मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या जनुकशास्त्रातील संशोधन संस्थेतही सिकलसेलसाठी जनुक-संपादनावर काम चालते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरील राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिचे केंद्र आपल्यापासून फार दूर नसलेल्या चंद्रपूरला आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने 7 कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. अशा कामाला एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारे यंत्र, चालवणारे हात लागतात, आणि अहवाल हाती आलेल्या कुटुंबाशी नीट बोलू शकणारे जनुकीय समुपदेशकही लागतात. रक्तावर काम करायचे तर एमबीबीएसच हवे, असे मुळीच नाही.

मार्ग नेहमीचेच आहेत: जीवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानातील बीएस्सी, अथवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी, पुढे आयआयटी-जॅममधून एमएस्सी आणि संशोधनासाठी सीएसआयआर-नेट. प्रयोगशाळेतील शीतकक्षात तिने फार वेळ काम करू नये आणि नोकरी निवडताना रात्रपाळी टाळावी, एवढे तिला आत्ताच माहीत असावे. एक विनंती मात्र आहे. माझे हे पत्र वाचून ‘आता रक्तावरच संशोधन कर’ असा नवा आग्रह धरू नये. स्वतःच्या आजाराचा अभ्यास करणे हे तिच्यावरचे बंधन नाही. तिला कदाचित वाणिज्य किंवा भाषा शिकायची असेल, आणि आजाराविषयी ती केवळ स्वतःला समजून घेण्यासाठी वाचत असेल.

पुढच्या काही आठवड्यांत तिला घरी आणावे, रक्तविकारतज्ज्ञाकडे न्यावे, लोहाच्या टॉनिकविषयी त्यांना विचारावे, न्यूमोकॉकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूवरच्या लसी झाल्या आहेत का ते पाहावे. दुखण्याबद्दल तिच्यावर घेतलेला संशय आपण स्वतः तिच्याजवळ बोलून दूर करावा; हे काम डॉक्टरांवर किंवा तिच्या आईवर सोपवू नये. त्यानंतर प्रवेशाचा विषय काढावा, आणि आधी तिचे ऐकावे. ती नागपुरात असेपर्यंत वॉर्डनकडे एक कागद लिहून द्यावा: 101 अंशांवर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ जड होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांतील काहीही दिसले तर आपल्या फोनची वाट न पाहता तिला लगेच रुग्णालयात न्यावे, त्या दिवशी चाचणी असली तरी.