बंद हो म्हटलं तरी बंद न होणारं मशीन

प्रश्न : सिडकोतल्या आमच्या ऑफिसात उबंटूवर केव्हीएममध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवायची सोय) हिशेबाचं जुनं विंडोज चालतं. ते बंद करायला ‘व्हर्श शटडाउन’ ही कमांड दिली की ‘बंद होत आहे’ असं उत्तर येतं, पण अर्ध्या तासानंतरही ते चालूच! जबरदस्तीनं बंद करणारी ‘डिस्ट्रॉय’ कमांड द्यायला हात धजत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या शब्दाला मीही एकदा घाबरले होते. गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात तासभर नुसती बसून राहिले, दोन चहा झाले. ‘डिस्ट्रॉय’ने डिस्कची फाइल पुसली जात नाही, फक्त प्लग खेचल्यासारखं होतं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

‘शटडाउन’ म्हणजे नुसती विनंती, पॉवरचं बटण दाबल्याचा संदेश (त्याची ठरलेली पद्धत म्हणजे एसीपीआय). आतल्या सिस्टिमने तो ऐकला नाही, तर काहीच होत नाही. म्हणून आधी व्हर्ट-मॅनेजरमधून (आभासी मशीन सांभाळणारा प्रोग्रॅम) त्या विंडोजची स्क्रीन उघडून बघा. माझ्या वेळी ‘फाइल सेव्ह करायची का?’ ही खिडकी उत्तराची वाट बघत होती.

विंडोजच्या आत क्यूईएमयू गेस्ट एजंट (बाहेरच्या आज्ञा ऐकणारा छोटा प्रोग्रॅम) बसवा, मशीनला त्याचं चॅनल, म्हणजे त्या आज्ञा पोचायची वाटही जोडा, मग ‘शटडाउन’ला ‘मोड एजंट’ जोडून बघा. तरीही हललं नाही, तरच ‘डिस्ट्रॉय’. मात्र हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं असताना नको, डेटा बिघडू शकतो.