देवमाशापासून सुरुवात करावी

मुलाला समुद्रातील प्राण्यांविषयी शिकवताना पहिल्याच आठवड्यात दहा प्राण्यांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा देवमासा हा एकच प्राणी निवडावा, असे मी आपणांस आग्रहाने सुचवेन. एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांच्या मध्ये वनस्पती तूप भरून मुलाचा एक हात आतल्या पिशवीत आणि दुसरा नुसत्या पिशवीत घालावा व दोन्ही हात क्षणभर बर्फाच्या पाण्यात बुडवावेत. म्हणजे देवमाशाच्या त्वचेखालचा चरबीचा थर थंडीपासून कसा जपतो, हे मुलाला स्वतःच जाणवते. पिशव्या मात्र मुलाजवळ सोडून जाऊ नयेत. निळा देवमासा सुमारे २५ मीटर लांब असतो, तेव्हा तेवढी दोरी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात पसरून मुलाला तिच्या कडेने चालू द्यावे. पिलांना दूध पाजणे, श्वासासाठी वर येणे या गोष्टी चालता चालता सांगाव्यात.