वाचकांचे प्रश्न : नेपाळी आत्मकथा वाचताना

प्रश्न : देवनागरी असल्यामुळे नेपाळी आत्मकथा अडखळत का होईना वाचता येतात, पण सालांचा मेळ बसत नाही. एकीत १९९० सालचा मोठा भूकंप आहे. तो कुठल्याच यादीत सापडत नाही. (नाशिक)

तो १५ जानेवारी १९३४चा, बिहार आणि नेपाळला हादरवणारा भूकंप. नेपाळी लेखक विक्रम संवत लिहितो, पण आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बदलतो तो हा नव्हे. तिथलं वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात सुरू होतं आणि महिने सौर असतात. आकड्यापुढे ‘गते’ दिसलं की ती तारीख समजावी, तिथी नाही.

हिशेब सोपा आहे. वैशाख ते मंसिर (आपला मार्गशीर्ष) असेल तर सालातून ५७ वजा करा. माघ ते चैत्र असेल तर ५६. घोळ होतो तो पुस (आपला पौष) महिन्यात, कारण इंग्रजी वर्ष त्याच्या साधारण मध्यावर बदलतं. राजा महेंद्र यांनी निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं तो दिवस २०१७ पुस १ गते, म्हणजे १५ डिसेंबर १९६०. तुमचा भूकंप १९९० माघ २ गतेचा, म्हणून तिथे ५६. नेमका दिवस हवा असेल तर नेपाळी पात्रो, म्हणजे तिथलं पंचांग, उघडावंच लागतं. महिना २९ ते ३२ दिवसांचा असतो आणि ही लांबी दर वर्षी बदलते, त्यामुळे बोटांवर मोजलेली तारीख एखाद्या दिवसाने हमखास चुकते.

याहून फसवी सवय म्हणजे शतक गाळून साल सांगणं. ‘सात साल’ म्हणजे २००७, राणाशाही, म्हणजे राणा घराण्यातल्या वंशपरंपरागत पंतप्रधानांची सत्ता, उलथवणारी क्रांती. ‘छयालीस साल’ म्हणजे २०४६, इसवी १९९०चं जनआंदोलन. ‘नब्बे साल’ मात्र १९९०, म्हणजे तुमचा भूकंप. इसवी १९९० आणि संवत १९९० यांची गल्लत भले भले करतात. शंका आली की लेखकाचं जन्मसाल त्याच संवतात घेऊन प्रसंगाच्या वेळचं वय काढा. चूक लगेच उघडी पडते. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या काही लेखकांकडे नेपाळ संवत भेटतो. तो कार्तिकात बदलतो. त्याच्या आकड्यात ८८० मिळवा. वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ८७९.

प्रश्न : नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान बी. पी. कोइराला यांची आत्मकथा त्यांनी स्वतः लिहिली नाही असं ऐकलं. मग ती कितपत धरायची? (पुणे)

लिहिली नाही, सांगितली. कर्करोगाने ग्रासलेले असताना, अखेरच्या काळात, वकील गणेशराज शर्मा यांनी त्यांचं बोलणं टेपवर घेतलं. बी. पी. जुलै १९८२मध्ये गेले आणि ‘आत्मवृत्तान्त’ छापून आलं १९९८मध्ये. म्हणजे आठवण, टेप, उतरवून घेणं आणि संपादन अशा चार हातांतून मजकूर आला आहे. बोलण्याचा ओघ ही त्याची खरी श्रीमंती. कच्ची बाजू सन-तारखांची आणि दुसऱ्यांच्या तोंडच्या संवादांची.

वाचताना पाहिलं, ऐकलं आणि घरात वाढलं, असे तीन रकाने मनाशी ठेवा. वडील कृष्णप्रसाद यांनी पंतप्रधान चंद्रशमशेर यांना डोंगरी गरिबाचे फाटके कपडे पाठवले आणि कुटुंबाला देश सोडून बनारस गाठावं लागलं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तेव्हा बी. पी. अगदी लहान होते. ती खोटी नाही, पण रकाना तिसरा. उलट १९६०नंतर सुंदरीजलच्या कैदेत लिहिलेल्या नोंदी ‘जेल जर्नल’मध्ये आहेत, त्या त्या वेळच्या आहेत. एकाच घटनेवर दोन्ही पुस्तकं बोलत असतील तर तपशिलासाठी जर्नल धरा, माणूस समजून घ्यायला आत्मवृत्तान्त. नेपाळी काँग्रेसचे नेते गणेशमान सिंह यांचं ‘मेरो कथाका पानाहरू’ हेही सांगून उतरवून घेतलेलं. तिथेही हीच गाळणी लावा. अशा पुस्तकाची प्रस्तावना गाळणारा वाचक निम्मं पुस्तक गाळतो.

प्रश्न : मराठीत दलित आत्मकथनांची लाट आली, तशी नेपाळीत का नाही? (औरंगाबाद)

आधी स्वतःबद्दल लिहायचीच मोकळीक नव्हती. राणांच्या राजवटीत १९१३पासून गोर्खा भाषा प्रकाशिनी समितीच्या परवानगीशिवाय छापणं गुन्हा ठरे. १९२०मध्ये कृष्णलाल अधिकारी यांना मक्याच्या शेतीवरच्या पुस्तकापायी तुरुंगात टाकलं. त्यात राज्यकर्त्यांना टोमणा दिसला होता. ते तुरुंगातच वारले. त्यात १८५४च्या मुलुकी ऐनने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, जातींची उतरंड कायद्यात बसवली, ती १९६३पर्यंत टिकली. पुढे १९९०पर्यंत पक्षांवर बंदी. तुमच्याच शहरात मिलिंद महाविद्यालय १९५०मध्ये निघालं आणि त्यातून शिकलेली पिढी लिहू लागली. काठमांडूत तसा पाया नव्हता. दलित अनुभव कवितेतून आधी आला, जसं दलित कवी आहुती यांचं ‘गहुँगोरो अफ्रिका’.

लाट म्हणायची तर ती माओवादी युद्धानंतर आली, आणि तिच्यात बायका ठळक आहेत. तारा राई यांची ‘छापामार युवतीको डायरी’ बंडखोरांच्या बाजूची. राधा पौडेल यांचं ‘खलंगामा हमला’ जुम्ल्याच्या जिल्हा मुख्यालयावर नोव्हेंबर २००२मध्ये झालेल्या हल्ल्यात सापडलेल्या परिचारिकेचं. दोन्ही लागोपाठ वाचावीत, एकटं एक वाचू नये.

प्रश्न : सुरुवात कशापासून करू? (मडगाव)

झमककुमारी घिमिरे यांच्या ‘जीवन काँडा कि फूल’पासून. त्यांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) आहे. घरात बहिणीला शिकवत ते ऐकून त्या पायाच्या बोटांनी मातीत अक्षरं गिरवायला शिकल्या आणि आजही डाव्या पायाने लिहितात. पुस्तकाला संवत २०६७चा मदन पुरस्कार, हा नेपाळमधला मानाचा साहित्य पुरस्कार, मिळाला. दार्जिलिंगचं बालपण हवं असेल तर कादंबरीकार पारिजात यांचं ‘धूपी, सल्ला र लालीगुराँसको फेदमा’.

नेपाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली ती १९९२मध्ये, तुमच्या कोंकणीबरोबरच. साहित्य अकादमीकडेही नेपाळी पुस्तकं असतात. काठमांडूला जाणं झालं तर पाटणचं मदन पुरस्कार पुस्तकालय चुकवू नका. तिथे चौकशी करताना प्रकाशनसाल संवतातच सांगा.